निर्लेखनाच्या शेऱ्यापूर्वी

माननीय ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य, यांस



तालुक्याच्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यवाहाने आपणांस उघड पत्र लिहावे हे शिरस्त्याला धरून नाही, याची मला जाणीव आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत अर्ज करावा, त्याची आवक नोंद व्हावी आणि यथावकाश त्यावर शेरा पडावा, हाच रीतसर मार्ग. परंतु ज्या विषयासंबंधी मला लिहावयाचे आहे तो एकट्या आमच्या संस्थेचा नसून, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता पावलेल्या हजारो ग्रंथालयांपैकी ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक आहे त्या सर्वांचा आहे. आणि तो त्या संस्थांचे कार्यवाह, ग्रंथपाल व वर्गणीदार वाचक यांच्यादेखत मांडला जावा, एवढाच या उघडपणामागचा हेतू.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची, जी तिने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली होती, नित्याची विनामूल्य देखभाल थांबवली. त्या दिवशी यंत्रे बंद पडली असे मुळीच नाही; ती आजही सुरू होतात, देवघेव नोंदवतात, सभेची सूचना छापतात. मात्र प्रणालीत यापुढे जे दोष उघडकीस येतील आणि ज्यांच्या फटीतून परका माणूस यंत्रात शिरू शकेल, ते बुजवण्याची जबाबदारी आता कंपनीवर नाही. आणि ज्या यंत्रात वर्गणीदारांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक व अनामत रकमा यांचे दप्तर आहे, ते यंत्र अशा अवस्थेत आंतरजालाला जोडून ठेवणे कोणाही जबाबदार कार्यवाहाला परवडणारे नाही. बरे, पुढची प्रणाली विंडोज ११ घ्यावी, तर तिच्या अटी कडक: टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप यंत्रात हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमारास किंवा त्यानंतर निघालेला हवा. सबब, त्यापूर्वीच्या काळात अनुदानातून अगर एखाद्या उदार देणगीदाराच्या रकमेतून घेतलेली यंत्रे, अंगाने धडधाकट असूनही, अपात्र ठरली. पैसे भरून देखभाल चालू ठेवण्याची सवलत संस्थांना आहे खरी, पण तिचा दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, आणि त्यानंतर तीही नाही. या तीन वर्षांची बेरीज एका साध्या नव्या यंत्राच्या किमतीला जाऊन भिडते. अटी चुकवून विंडोज ११ चढवून देणारे कारागीर प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत भेटतात, हेही मला ठाऊक आहे; पण ज्या संस्थेचे लेखापरीक्षण होते आणि जी शासनाच्या अनुदानावर चालते, तिने पळवाटेने आत शिरावे हे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या कित्येक संस्थांतून मुळात विंडोजचीच प्रत परवान्याविना चालत आली आहे, हा विषय मी येथे केवळ नोंदवून सोडून देतो.

आता पुढे काय घडेल, हे ज्यांना या कारभाराची ओळख आहे त्यांना सांगणे न लगे. जडवस्तू नोंदवहीच्या ज्या ओळीत हा संगणक रुजू झाला होता त्या ओळीसमोर ‘कालबाह्य व निरुपयोगी’ असा शेरा पडेल, व्यवस्थापक समिती निर्लेखनाचा ठराव करील, भंगारवाला किरकोळ रक्कम मोजून यंत्र उचलून नेईल, आणि वेतन, वीजबिल, नियतकालिके व ग्रंथखरेदी यांची तोंडमिळवणी करून थकलेल्या जमाखर्चात नव्या यंत्राची तरतूद होईपर्यंत देवघेव पुन्हा वहीवर येईल. ई-कचऱ्याविषयीचे केंद्र शासनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहेत. तथापि आठवडी बाजाराच्या गावातील भंगारवाल्यापर्यंत ते कितपत पोहोचले आहेत, हे आपण जाणताच. वस्तुतः बांधणी खिळखिळी झाली म्हणून आपण ग्रंथ बाद करीत नाही, तो बांधणीला पाठवतो. मग ज्याचे अंतरंग शाबूत आहे त्या यंत्राला तरी निराळा न्याय का?

माझे म्हणणे थोडक्यात असे की, केवळ विंडोजची मुदत संपली या एकाच सबबीवर कोणत्याही ग्रंथालयाचा संगणक निर्लेखित होऊ नये. त्यापूर्वी त्यावर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचे एखादे वितरण चढवून पाहिल्याचा दाखला प्रस्तावासोबत असावा, आणि तशा आशयाचे परिपत्रक आपल्या सहीने निघावे.

लिनक्स हे नाव आपल्या कार्यालयाला नवखे नसेल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला आणि हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहून सर्वांना खुला केला, हा इतिहास आता जुना झाला आहे. त्याची पुनरावृत्ती करण्यापेक्षा मला न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाची हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या आजच्या अडचणीशी थेट जुळते. त्या देशाच्या उत्तर बेटावर होरोफेनुआ नावाचा एक ग्रामीण जिल्हा आहे. तेथील ग्रंथालय न्यासाच्या संगणकप्रणालीला २००० सालची तारीख झेपणार नव्हती, आणि म्हणून १९९९ संपण्यापूर्वी काहीतरी निर्णय करणे भाग होते. बाजारातील नवी प्रणाली महाग, शिवाय शाखा साध्या दूरध्वनीच्या तारांनी जोडलेल्या. अशा पेचात त्या न्यासाने वेलिंग्टनच्या कातिपो कम्युनिकेशन्स या लहानशा मंडळीकडून आपल्याला हवी तशी ग्रंथालय प्रणाली लिहवून घेतली, ती ३ जानेवारी २००० रोजी प्रत्यक्ष कामाला लावली, आणि पुढे, विकून पैसे करण्याऐवजी, मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. तीच आज ‘कोहा’ या नावाने भारतातील अनेक विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत चालते आहे. ती लिनक्सवर वसते, आणि एका यंत्रावर ती बसवली की इतर यंत्रांना ब्राउझरखेरीज काही लागत नाही. एका छोट्या जिल्ह्यातील ग्रंथपालांवर मुदतीची टांगती तलवार आली तेव्हा त्यांनी निर्लेखनाचा ठराव केला नाही, एवढेच मला या निमित्ताने आपल्या ध्यानात आणून द्यावयाचे आहे. अर्धवेळ ग्रंथपाल असलेल्या संस्थेने एकटीने कोहा बसवावी असे मात्र मी सुचवणार नाही; ते काम जिल्हा पातळीवरच्या जाणकाराचे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही तिच्या चौथ्या आवृत्तीपासून ब्राउझरमधूनच चालते. अर्थात यंत्रावर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

प्रत्यक्ष स्थापनेची कृती लोकांना वाटते तितकी दुर्घट नाही, आणि म्हणूनच ती मी जरा विस्ताराने लिहितो. आमच्यासारख्या संस्थांसाठी मी लिनक्स मिंट या वितरणाची, त्यातही त्याच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीची शिफारस करीन. कारण तिचा पडदा विंडोजवर हात बसलेल्या माणसाला बुजवत नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यात परिचित यादी उघडते, आणि २०२४ मध्ये निघालेल्या तिच्या बाविसाव्या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे. तिची सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्यावी, संकेतस्थळावर दिलेल्या एसएचए-२५६ या पडताळणी-अंकाशी ती ताडून पाहावी (ही पायरी सगळे गाळतात, आणि अर्धवट उतरलेल्या फाइलीचा दोष मग लिनक्सच्या माथी मारतात), आणि रूफस किंवा एचर या साधनाने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. नुसती नक्कल करून भागत नाही. नंतर यंत्र सुरू होतानाच कळ दाबून, जी डेल व लेनोव्होच्या पुष्कळ यंत्रांत एफ १२ आणि एचपीच्या यंत्रांत एफ ९ असते, पेन ड्राइव्हवरून आरंभ करण्याची आज्ञा द्यावी. येथे या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण दिसतो: हार्ड डिस्कला स्पर्शही न करता संपूर्ण प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालू होते, आणि वायफाय जुळते का, आवाज येतो का, छापयंत्र ओळखले जाते का, हे सारे काही कायमचे न बदलता तासाभरात पारखून घेता येते. मी ज्या दाखल्याची मागणी वर केली तो या तासाभराच्या पारखणीचाच. त्याला खर्च पेन ड्राइव्हचा, आणि तोही पुढच्या ग्रंथालयाला उपयोगी पडणारा.

पारख समाधानकारक ठरली की मगच डिस्कवर स्थापना करावी, आणि त्याआधी जुन्या डिस्कवरचे सर्व दप्तर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. हे करताना लोक डेस्कटॉपवरच्या फाइली आठवतात आणि ग्रंथसूचीची मूळ माहिती विसरतात. ती जुन्या प्रणालीतून एक्सेलच्या किंवा मार्क २१ च्या स्वरूपात बाहेर काढून, दुसऱ्या यंत्रावर उघडून, शेवटचा दाखल क्रमांक वहीशी जुळवून पाहिल्याखेरीज स्थापनेच्या पडद्यावरील ‘डिस्क पुसा’ या पर्यायाला हात लावू नये. विंडोज व लिनक्स एकाच यंत्रात शेजारी-शेजारी नांदू शकतात, आणि घरच्या संगणकावर तसे करण्यास माझी हरकत नाही. परंतु ज्या यंत्रावर सकाळी ग्रंथपाल व संध्याकाळी शिपाई बसतो, तेथे आरंभी दोन प्रणालींतून निवड करावयास लावणे म्हणजे रोजच्या तक्रारीला निमंत्रण होय. त्यापेक्षा शक्य असेल तेथे एक नवे यंत्र विंडोजसाठी राखावे आणि बाकीची पूर्णपणे लिनक्सकडे वळवावी.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. लिनक्स चढवले की म्हातारे यंत्र तरुण होते, असे जे उत्साही लोक सांगत फिरतात त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मिंट दोन जीबी स्मृतीवर चालते, पण आजचा ब्राउझर दोन जीबीवर सुखाने चालत नाही, आणि ग्रंथालयाचे निम्मे काम आता ब्राउझरमध्येच असते. तेव्हा चार जीबी ही खरी किमान पायरी. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी साधी एसएसडी बसवणे. जुन्या यंत्राची मंदगती बहुतांशी त्या फिरत्या तबकडीत असते, आणि प्रणाली बदलून जेवढा गुण येत नाही तेवढा या एका बदलाने येतो. याउलट ज्यांचा प्रोसेसर बत्तीस बिटांचा आहे अशा यंत्रांविषयी मी आग्रह धरणार नाही; डेबियन या लिनक्स वितरणानेसुद्धा ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी स्थापक देणे बंद केले आहे. त्यांचे निर्लेखन खुशाल व्हावे.

मराठीचा प्रश्न मात्र कोणत्याही यंत्रभागापेक्षा अवघड आहे, आणि तो टाळून परिपत्रक काढले तर ते फायलीतच राहील. भारत सरकारने प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आहे, आणि ज्यांची बोटे त्यावर बसली आहेत त्यांना विंडोज सोडल्याचे जाणवणारही नाही. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणाऱ्यांसाठीही सोय आहे, पण तिचे नियम त्यांच्या सवयीपेक्षा थोडे भिन्न पडतात. खरी पंचाईत त्यांची, ज्यांनी टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर आयुष्य काढले. अशा ज्येष्ठ लिपिकाला त्याचा कळफलक मिळतो की नाही हे पाहिल्यावाचून त्याच्या टेबलावरचे यंत्र बदलू नये. जुना मजकूर हा आणखी निराळा विषय. श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या टंकांत वर्षानुवर्षे साठवलेली इतिवृत्ते व अहवाल यांत अक्षरे देवनागरीची दिसत असली तरी आत देवनागरी नसतेच. टंकाची फाइल लिनक्सवर नेऊन ठेवली तर ती इतिवृत्ते वाचता येतात, परंतु श्रीलिपीसारख्या टंकांत नव्याने लिहून देणारे साधन विंडोजशीच बांधलेले असते. हे सारे दप्तर युनिकोडमध्ये आणणे आज ना उद्या अटळ होते. स्थलांतराच्या निमित्ताने ते उरकावे, आणि उरकल्यावर ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वरी’ असे शब्द शोधून रूपांतरात अक्षरे मोडली नाहीत ना, याची खातरजमा करावी. छपाईसाठी रेड हॅटने प्रसिद्ध केलेला लोहित देवनागरी टंक पुरेसा आहे, आणि लिब्रे ऑफिसमध्ये पत्रव्यवहार, जमाखर्चाचे तक्ते व सूचना ही सर्व कामे होतात. फक्त वर्डमध्ये आखलेली कोष्टके क्वचित सरकतात.

छापयंत्राविषयी दोन शब्द. आपल्या कार्यालयांतून व ग्रंथालयांतून जी दोन छापयंत्रे घरोघरच्या देव्हाऱ्याइतकी सार्वत्रिक आहेत, त्यांपैकी एचपी लेझरजेट १०२० साठी एचपीचेच साधन लिनक्सवर मिळते, त्यातील वेगळी पूरक फाइल मात्र उतरवून घ्यावी लागते. कॅनन एलबीपी २९०० ची भाषा कंपनीची खास असल्याने ते बसवताना चांगल्या जाणकाराचाही घाम निघतो. डिजिटल स्वाक्षरीची किल्ली वापरणाऱ्या संस्थेनेही तिची पारख आधी करावी. अशा ठिकाणी एखादे विंडोज यंत्र राखून ठेवण्याची जी सूचना मी वर केली, तिचे कारण हेच.

शासकीय पातळीवर हे धाडस नवे आहे असेही नाही. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले, शिक्षकांना तीवर प्रशिक्षित केले, आणि २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘काइट’ या कंपनीमार्फत आपले स्वतःचे लिनक्स वितरण शाळांना पुरवले. विरुद्ध बाजूही लपवू नये: जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत चौदा-पंधरा हजार यंत्रे वळवली, आणि २०१७ मध्ये तिच्याच सभागृहाने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. तेथे सभागृहातील सत्तेचे पारडे फिरले हे खरेच, पण बाहेरच्या कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवाणघेवाण अखेरपर्यंत सुरळीत झाली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यावरूनच माझी दुसरी विनंती निघते. संचालनालयाकडे जी विवरणपत्रे व वार्षिक अहवाल भरून द्यावयाचे असतात, त्यांचे नमुने कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा खुल्या स्वरूपात आणि युनिकोडमध्येच प्रसिद्ध व्हावेत. केंद्र शासनाचे खुल्या मानकांविषयीचे धोरण २०१० चे आणि मुक्त प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण २०१५ चे आहे. म्हणजे यासाठी नव्या तत्त्वाची नव्हे, फक्त अंमलाची गरज आहे. तिसरी विनंती पैशाची, पण ती मोठी नाही: जुन्या यंत्रात एसएसडी व जादा स्मृती बसवण्याचा खर्च, आणि ते काम करून देणाऱ्या स्थानिक कारागिराचे देयक, हा अनुदानातील मान्य खर्च आहे असे स्पष्ट शब्दांत लिहून मिळावे, कारण नवे यंत्र घेतले तर लेखापरीक्षक काही विचारीत नाही, आणि जुने दुरुस्त केले तर कैफियत मागतो, असा अनुभव पुष्कळ कार्यवाहांच्या गाठीशी आहे. जिल्हा ग्रंथालय संघांतर्फे जे ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग चालतात त्यांत या स्थापनेचे एक प्रात्यक्षिक घालता आले, तर पारखणीचा दाखला देण्यास बाहेरचा माणूस शोधण्याची वेळही येणार नाही. वर्गातून बाहेर पडणारा ग्रंथपालच तो देऊ शकेल.

आमच्या ग्रंथालयातील जुन्या यंत्रांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार आहे, त्यावर समितीच्या सदस्यांच्या सह्याही झाल्या आहेत. तो मी मार्चअखेरपर्यंत जिल्हा कार्यालयाकडे पाठवीत नाही. दरम्यान आपल्या कार्यालयाकडून पारखणीचा नमुना आला तर तो जोडीन, न आल्यास माझ्या अक्षरात लिहिलेला जोडीन, आणि तो ग्राह्य धरावयाचा की नाही ते आपण ठरवावे.



आपला विनीत,
एका तालुका ग्रंथालयाचा कार्यवाह